बिनब्रेकची सायकल

१

शाळेला जायच्या आधी मी रोज योगीची सायकल पुसायची. ओल्या फडक्याने आधी हँडल, मग दांडी, मग दोन्ही चाकांच्या कडा आणि शेवटी चेनला तेल. माय आत भाकरी थापत असायची. तिचा थापण्याचा आवाज थांबला की माझंही फडकं थांबायचं. मग हात धुवायचे, चहा घ्यायचा आणि निघायचं. हे काम खरं योगीचं, माझ्या धाकट्या भावाचं. तो गेल्यावर ते माझ्याकडे आलं आणि चालवणारा नाही तर पुसतेस कशाला, असं घरात कुणी विचारलंही नाही.

सायकल म्हणजे तुम्ही समजता तशी नाही. तिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. भिंतीला टेकवून ठेवावी लागते. आणि ब्रेक नाही. पुढे नाही, मागेही नाही. योगी पुण्यात नोकरीला होता, तिथे कुणाचं तरी बघून त्याच्या डोक्यात हे वेड शिरलं आणि तो परभणीला परत आला तो ही काळी, काटकुळी सायकल घेऊनच. फिक्स गिअर म्हणतात तिला. साध्या सायकलचं पायडल मारायचं थांबवलं तरी चाक आपलं फिरत राहतं आणि मागून टिकटिक ऐकू येते. हिचं मागचं चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेली. चाक फिरलं की पायडल फिरणारच. पाय नुसते ठेवून बसायची सोय नाही. थांबायचं असेल तर पायांनीच पायडल मागे रेटून चाकाचा जोर मोडायचा. टिकटिक नाही, खडखड नाही. मागून आली तर कळतही नाही.

"ब्रेक पायात असतोय, अक्का. सायकलला लावून काय करायचा?" योगी म्हणायचा.

आणि त्याचे पाय होते तसे. स्टेशन रोडच्या त्या गर्दीत, ऑटो, हातगाडे आणि मधोमध रवंथ करत बसलेली जनावरं यांच्यातून तो सायकल अशी काढायचा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत, आणि मनात आणलं की जागेवर उभी करायचा.

तो ब्रेक नसल्यामुळे गेला, असं आख्खं गाव सांगेल. कसा गेला ते मी सांगते. आमच्या ओळखीच्या दिनकररावांनी मागे न बघता उभ्या जीपचं दार उघडलं. योगी त्या दारावर आदळला आणि डोक्यावर पडला. समोर आश्रुबाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याने सगळं पाहिलं. दिनकररावांनी खाली पडलेल्या माझ्या भावाकडे बघितलं, दार ओढून घेतलं, जीप चालू केली आणि पुढे नेऊन रस्त्याच्या कडेला नीट लावली. मग उतरले. मग "अरे अरे" करत धावत आले. लोक जमले तेव्हा जीप लांब उभी होती आणि दिनकरराव सगळ्यांना सांगत होते, "लय जोरात आला हो. त्याच्या सायकलला ब्रेकच न्हाई!" सगळ्यांनी सायकल बघितली. ब्रेक नव्हताच.

आश्रुबाने हे मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायला तो तयार नव्हता. "मला तिथंच बसून पोट भरायचंय, ताई," म्हणाला. मी त्याच्यावर चिडले नाही. माझा सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

२

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो. गोदावरीला पाणी बेताचं होतं. घाटावर पिंड मांडला, नैवेद्य ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळ्यांना काही तोटा नव्हता. शेजारच्या पिंडांवर ते तुटून पडत होते. आमच्याजवळ एक यायचा, मान तिरकी करून बघायचा आणि मागे सरायचा.

गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं म्हणत जो तो पुढे होऊन शब्द द्यायला लागला. चुलते म्हणाले, तुझ्या मायला सांभाळू. मामा म्हणाले, तुझ्या बहिणीचं लग्न लावून देऊ. माझ्या लग्नाची योगीला जन्मात कधी पडलेली नव्हती. मग दिनकरराव पुढे झाले. ते आमच्या गेलेल्या वडिलांचे मित्र, बी-बियाणांचे व्यापारी. लहानपणापासून आम्ही त्यांना काका म्हणत आलो. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला अष्टगंध. हात जोडून म्हणाले, "योगीराज, बाबा, तुझ्या मायला काईबी कमी पडू देनार न्हाई. मी हाय."

कावळा उडाला आणि लांब भिंतीवर जाऊन बसला.

ऊन चढलं. आता दर्भाचा कावळा करून शिववू, असं गुरुजी म्हणाले. माय भिंतीवरच्या कावळ्याकडे बघत राहिली. मी शाळेत विज्ञान शिकवते. कावळ्याला भूक कळते आणि भीती कळते, याच्यापलीकडे काही कळत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझ्या भावाला गवताच्या कावळ्यावर भागवायचं, हे मला सहन होईना. मी पुढे गेले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पिंडाशी वाकले आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"योगी, तुझ्याच सायकलवर बसवून मी तुला त्यांच्या दारात नेईन. मग काय ते तू बघ."

मला हात मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही. कावळ्याचा पंख माझ्या मनगटाला लागला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मामांना वाटलं, लग्नाचं बोलल्यामुळे शिवला. दिनकररावांना वाटलं, आपल्यामुळे. त्यांनी तर डोळेही पुसले. मी काय बोलले ते फक्त मायनं ऐकलं होतं. परतताना गाडीत ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "शब्द दिलायस. दिला तसा पुरा कर."

३

सायकल पुढच्या पॅसेजमध्ये उभी असायची. भिंतीकडचं पायडल मी नेहमी वर करून ठेवायची. खाली असलं की भिंतीचा रंग खरवडतो आणि माय कुरकुर करते. एका सकाळी फडकं घेऊन बसले तर पायडल खाली होतं. भिंतीवर लांब ओरखडा.

क्षणभर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साध्या सायकलचं पायडल धक्का लागला तरी फिरतं. मग हात थांबला. हिचं फिरत नाही. पायडल वरून खाली यायचं तर मागचं चाक फिरायला हवं, म्हणजे सायकल चांगली लांब पुढे जायला हवी. पॅसेजमध्ये तेवढी जागा नाही. तेवढं जायचं म्हणजे तिला दाराबाहेर पडावं लागेल.

"माय, झाडताना सायकल उचललीस का?"

"मी कशाला हात लावू? त्येला आवडतंय का कुनी हात लावलेला?"

मायने उचलली असेल आणि विसरली असेल. वय झालंय, दुःख मोठं आहे. मी मागचं चाक उचलून पायडल वर केलं, मागच्या टायरवर जमिनीला लागून खडूने रेघ मारली आणि शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी पायडल खाली होतं आणि खडूची रेघ कुठेच नव्हती. टायर मीच आदल्या दिवशी पुसला होता. त्याच्या खाचांत बारीक वाळू होती.

मी ती नखाने काढली. आमच्या गल्लीत वाळू नाही, फरशा आहेत. आठवायचा प्रयत्न केला की वाळू मी कुठे बघितली, आणि आठवलं तेव्हा आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं. दिनकररावांच्या घराचा वरचा मजला चढत होता. त्यांच्या फाटकाशेजारी वाळूचा ढीग पडलेला असायचा.

माय भाकरी उलटून दारात आली. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "तो वाट बघायलाय. तू न्हेत न्हाईस, मग त्यानं काय करावं?"

"माय, असलं काई बोलू नको."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मला तिचा राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी थोडा आनंदही होता. तो का होता, हे मी स्वतःला विचारलं नाही.

४

मी सायकल शिकायला घेतली. मनाला सांगितलं की शाळेत जायला बरी पडेल.

हवा भरायला आश्रुबाकडे गेले तर तो सायकलकडे बघेचना. हवा भरली, नळी काढली आणि खाली मान घालून म्हणाला, "पुढचा एक ब्रेक तरी बसवून देऊ का, ताई? आत्ता बसवतो. तुमाला सवय न्हाई."

"नको."

"आवो, उड्डाणपुलाचा उतार हाय. पायानं न्हाई थांबायची."

"योगीची थांबायची ना? मग माझी पण थांबेल. आणि ब्रेक बसवला म्हणजे तुमच्या त्या दिनकररावांचंच खरं झालं." माझा आवाज चढला. रस्त्यावरचे दोघेतिघे वळून बघायला लागले, तसा आश्रुबा आत निघून गेला.

आधी मैदानावर पडले, गुडघे फोडून घेतले. सवयीने पाय थांबवायला जावं तर पायडल पाय उडवून द्यायचं. हळूहळू अंगात आलं. मागे रेटून वेग कमी करायला जमायला लागलं. मग रस्त्यावर आले, आणि एका सकाळी रुळांवरचा उड्डाणपूल चढायला घेतला. पूल उतरला की पलीकडे पहिलंच घर दिनकररावांचं.

अर्ध्या चढावर माझा दम संपला. मांड्या भरून आल्या, पाय सैल पडले. आता सायकल थांबणार आणि आपण आडव्या होणार म्हणून मी एक पाय काढायच्या बेतात होते. सायकल थांबली नाही. पायडल फिरत राहिलं, माझ्या तळव्यांखालून वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. माझे पाय नुसते त्याच्यावर ठेवलेले होते आणि कुणीतरी ते फिरवत होतं, शांतपणे, एका लयीत, पुलाच्या माथ्यापर्यंत.

मी मुलांना दरवर्षी जडत्व शिकवते. सपाटीवर गाडी थोडी पुढे जाते, ते जडत्व. पण चढावर ते संपतं, आणि माझं तर कधीच संपलं होतं. वारा असेल म्हणून मी रुळांच्या पलीकडच्या झाडांकडे बघितलं. पान हलत नव्हतं.

उतरून पळून जावं, असं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. शाळकरी असताना मी योगीला डबल सीट घेऊन जायची आणि तो मागे बसून पायाने जमीन ढकलायचा, मला मदत म्हणून. "योगी, हळू," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. आणि पायडल हळू झालं.

५

दिनकरराव सकाळी फाटकात प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. पहिल्यांदा मला बघून ते हसले. "राजेश्री, सायकल शिकलीस व्हय? शाब्बास!" मी बघितलं आणि पुढे गेले. दुसऱ्या सकाळी ते हसले नाहीत. त्यानंतर पेपर त्यांच्या तोंडापुढे असायचा, पण पान उलटलं जायचं नाही.

मला बरं वाटायचं. लपवून काय करू, फार बरं वाटायचं. ती सायकल, तेच हँडल, तेच चाक रोज त्यांच्या डोळ्यांपुढून जायचं आणि त्यांना काही करता यायचं नाही. मी काही गुन्हा करत नव्हते. रस्ता सगळ्यांचा आहे. त्यांचे गाल आत जायला लागले ते मी मनात टिपून ठेवत होते, आणि शाळेत त्या दिवशी माझा तास चांगला व्हायचा.

मग खुर्ची फाटकातून व्हरांड्यात गेली. व्हरांड्यातून घरात गेली. नंतर नुसता खिडकीचा पडदा हलायचा. एका सकाळी मात्र ते रस्त्यातच उभे होते, दाढी वाढलेली, बनियनवर. मी पाय रेटून सायकल जवळजवळ थांबवली. ती थांबायला नाखूश होती.

"पोरी," ते म्हणाले, "यायचं तर ये. मला बोलायचं ते बोल. पन त्याचे बूट घालून येत जाऊ नको."

मी पायांकडे बघितलं. माझ्या पायात शाळेची सँडल होती, तपकिरी, पट्ट्याची. योगीचे बूट मायनं दहाव्याला गंगाखेडच्या पाण्यात सोडले होते.

"कुठले बूट?"

ते माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. नजर पायडलवर होती आणि पायडल फिरेल तशी वर-खाली होत होती. तोपर्यंत सायकल पूर्ण थांबली होती, माझा एक पाय जमिनीवर होता. तरी त्यांची नजर वर-खाली होतच राहिली.

माणूस खचला की त्याला काहीही दिसतं, मी स्वतःला सांगितलं. हे कारण मला पटलं. पटलं म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

६

त्या दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी दिनकरराव आमच्या घरी आले. चालत आले. पॅसेजमधली सायकल दिसली तशी पाठ समोरच्या भिंतीला घासत, तिच्यापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहून आत शिरले. मायने पाणी दिलं नाही.

ते खाली जमिनीवर बसले. आणि कुणी न विचारता तेच बोलायला लागले.

"दार मीच उघडलं. मागं बघितलं न्हाई. पडला तवा तो शुद्धीवर हुता. माझ्याकडं बघत हुता. मी म्हनलं, आधी जीप हलवावी, न्हाईतर गळ्यात येईल. तेवढीच जीप पुढं न्हेली आन परत आलो. तवर डोळे तसेच हुते, पन बघत न्हवता." त्यांनी तोंडावर हात घेतला आणि ते मायकडे वळले. "तो बघत हुता गं, कडूबाई. मला वळखून काका म्हनला."

चुलीवरचं भांडं उतरवावं तशा शांतपणे माय उठली आणि पॅसेजमध्ये जाऊन सायकलपाशी बसली.

मी म्हणाले, "हे इथं बोलून काय फायदा?"

"उद्या सकाळी ठान्यात चल माझ्यासंगं. असंच सगळं सांगतो. चूक त्याची न्हवती, दाराची हुती, म्हनून सांगतो. आश्रुबालाबी सांगतो, भिऊ नको म्हनावं." मग आवाज एकदम बारीक झाला. "एकच कर. चालत ये. ती आनू नको."

मी हो म्हणाले. अजून काय हवं होतं मला? माझा भाऊ स्वतःच्या मस्तीने मेला, असं ज्या ज्या तोंडांनी म्हटलं होतं, ती सगळी तोंडं एका दिवसात बंद होणार होती. चूक त्याची नव्हती, हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघावं म्हणून मी कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आता ते वाक्य निघणार होतं, सरकारी माणसांसमोर, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर सायकलचं तोंड दाराकडे होतं. पुसलेली होती, चेनला तेल होतं. माय शेजारी उभी.

"चालत जायचं ठरलंय, माय."

"त्येला काय शब्द दिलायस? दारात न्हेईन म्हनलीस. इतके दिवस दारावरनं न्हेलंस. दारात न्हेलंस का एकदा तरी?"

मी घुटमळले. तिचं बरोबर होतं. आणि ते कबूल करतील तेव्हा योगी तिथे असायला नको का, असाही विचार आला. पण हे सगळं वरवरचं. खरं कारण वेगळं होतं. दिनकरराव हलके होऊन, आंघोळ करून, देवपूजा आटोपून फाटकात उभे असतील, एका रात्रीत सुटल्यासारखे. ते मला बघवणार नव्हतं. पुलावरून ही सायकल येताना दिसली की त्यांचा चेहरा कसा पडतो, ते शेवटचं एकदा मला बघायचं होतं. मी हँडल धरलं.

७

पूल चढताना मी पाय मारलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. माथ्यावर पोचले तेव्हा सूर्य पाठीमागे होता, नुकता वर आलेला. माझी आणि सायकलची सावली पुढे उतारावर लांबच्या लांब पडली होती. खाली दिनकरराव दिसले. इस्त्रीचा सदरा, हातात छोटी पिशवी. फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन ते माझी वाट बघत होते. त्यांच्या बाजूला तो वाळूचा ढीग, रस्त्यात अर्धा पसरलेला.

उतार लागला तसे मी पाय मागे रेटायला सुरुवात केली. रोजच्यासारखे. पायडलने ऐकलं नाही. मी सीटवरून उठून सगळं वजन मागे टाकलं. गुडघ्यात कळ गेली. पायडलने माझे पाय उचलले आणि पुढे ढकलले, आणखी जोराने. ज्या लयीने ते मला रोज पूल चढवून आणायचं, ती लय आता राहिली नव्हती. आता त्यात घाई होती.

"योगी, हळू," मी म्हणाले. "योगी, ते सांगणार आहेत. सगळ्यांना सांगणार आहेत."

वेग वाढला. एक सँडल निसटून गेली. पायडल इतक्या जोरात फिरायला लागलं की त्याच्यावर पाय ठेवणं शक्य राहिलं नाही. घोटा मोडला असता. मी दोन्ही पाय काढून घेतले, फाकवून हवेत धरले. पायडल मोकळं गरगरत राहिलं. त्याचं मला नवल वाटलं नाही. चाक फिरतंय तोवर ते फिरणारच. उतार आहे, वजन आहे, ब्रेक नाही. मी मनात हे सगळं अगदी फळ्यावर लिहावं तसं स्पष्ट म्हटलं.

आणि सावलीकडे नजर गेली. माझे दोन पाय दोन बाजूंना हवेत फाकलेले सावलीत दिसत होते. एक सँडलमधला, एक अनवाणी, बोटं आखडलेली. आणि त्यांच्या मध्ये आणखी दोन पाय होते. पायडलवर होते. बुटातले, लांब पोटऱ्यांचे. गुडघे वर येत होते, खाली जात होते.

मी मागे वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. माझ्या मानेवर ऊन यायचं थांबलं होतं.

सावलीचं टोक दिनकररावांच्या चपलांना लागलं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या वर. पिशवी हातातून पडली. त्यांनी हात जोडले आणि तोंड उघडलं. ते कुणाशी तरी बोलत होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसत होते, आणि जे ठाण्यात बोलायचं होतं तेच ते बोलत असावेत. सगळं, पहिल्यापासून. पळाले नाहीत. पळता आलं असतं.

डावीकडे वाळूचा ढीग होता. मऊ, ओला, गाढवं सकाळीच त्याच्यात लोळून गेली होती. जरा वळवलं असतं तरी सायकल त्याच्यात रुतली असती. मी पडले असते, हात मोडला असता, फार तर. मग आम्ही दोघं ठाण्यात गेलो असतो, ते बोलले असते, कुणीतरी लिहून घेतलं असतं, आणि माझा भाऊ निर्दोष ठरून मेलेलाच राहिला असता. दिनकरराव घरी येऊन दुपारचं जेवले असते. वरचा मजला पुरा झाला असता.

पाय माझे नव्हते. वेग माझा नव्हता. पण हँडलवर फक्त माझे हात होते. मी खाली बघून खात्री करून घेतली. दुसरे हात नव्हते. त्याने ते माझ्यावर सोडलं होतं.

मी हँडल सरळ धरलं.